खटकाबाईच्या बत्त्या

ज्या दिवशी कारखान्याला कुलूप लागलं, त्या दिवशी बाकीच्या बायका फाटकाशी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि खटकाबाई आत आपल्या टेबलाचा ड्रॉवर घासूनपुसून लख्ख करत होती. मुकादम दोनदा येऊन म्हणाला, बाई, उद्या हे टेबल भंगारात जाणार, कोणासाठी पुसताय? तिने मान डोलावली आणि ड्रॉवरच्या कडीला तेलाचा थेंब सोडला. करकरणारी वस्तू मागे ठेवून निघणं तिला जमण्यातलं नव्हतं.

कारखाना खटक्यांचा होता. गॅसच्या शेगडीला असतात ते खटके. बटण दाबलं की आतली स्प्रिंग सुटते, इवलीशी हातोडी स्फटिकावर आपटते आणि वायरच्या टोकाशी निळी ठिणगी उडते. काडी नको, बॅटरी नको. पण डब्यात भरण्याआधी प्रत्येक खटका कोणीतरी दाबून बघावा लागतो, आणि ते कोणीतरी म्हणजे ही. काळ्या रंगाच्या खोक्यात टोक घालायचं, अंगठ्याने दाबायचं, ठिणगी दिसली की माल उजवीकडे, नाही दिसली की डावीकडे. पोरसवदा वयात त्या खुर्चीवर बसली ती केस पिकेपर्यंत. खटकाबाई हे नाव तिथलंच. पुढे ते घरीही आलं आणि खरं नाव कोणाच्या तोंडी राहिलं नाही.

बसायचं काम केलं खरं, पण बाई बसणारी नव्हतीच. बसस्टॉपवर उभी असली तरी उजवा अंगठा आपला वरखाली चाललेला. तरुण असताना एकदा लग्न ठरत आलं होतं. दोघं बागेत बोलायला म्हणून बसली, तर बाकड्याचा पाय डुगडुगत होता. तो मनातलं काही सांगत होता आणि ही खाली वाकून नट आवळत होती. ‘माझ्यापेक्षा त्या बाकड्यानेच त्याचं जास्त ऐकलं,’ असं ती स्वतःच हसून सांगायची. हसायची, पण सांगताना अंगठा जरा जोरात चालायचा.

कारखान्याबरोबर कारखान्याची खोलीही गेली. तेव्हा वहिनीचा फोन आला. इकडेच या, वन्सं, म्हणाली, खोली रिकामी पडलीय, आणि तुमच्या दादालाही कोणीतरी बोलायला हवं. निघताना मुकादमाने उरलेल्या मालातला एक खोका तिच्या हातात ठेवला. सगळे उजव्या बाजूचे खटके. तो म्हणाला, तुमच्या अंगठ्याला चाळा म्हणून घेऊन जा.

दादाचं घर गावाच्या टोकाला, जिथे बस वळसा घेऊन परत फिरते तिथे. मागे पत्र्याची लांबट शेड. दादा आयुष्यभर लोकांना डोंगरात घेऊन जायचा. वर तळ्याकाठी तंबू ठोकायचे, मुलांना, म्हाताऱ्यांना, नवीन लग्न झालेल्यांना दोन-चार दिवस तिथे ठेवायचं आणि धडधाकट परत आणायचं, हा त्याचा धंदा. मग त्याचा उजवा हात थरथरू लागला. वर्षभरात डावाही. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. तरीही तो जातच राहिला. एकदा संध्याकाळी बत्ती लावताना पेटती काडी हातातून उडून तंबूच्या कडेवर पडली. कोणाला इजा झाली नाही, कापडाचा एक कोपरा गेला, पण आत मुलं होती. दुसऱ्या दिवशी दादा सगळ्यांना घेऊन खाली आला तो पुन्हा वर गेला नाही. घरातली काडेपेटी वहिनीने तांदळाच्या डब्यामागे लपवली. लपवलीय हे त्यालाही माहीत होतं. त्यावर दोघं कधी बोलली नाहीत.

आता तो खिडकीपाशी खुर्चीत बसायचा. एक हात दुसऱ्या हाताखाली दाबून. बहीण आली तेव्हा ‘आलीस?’ एवढंच म्हणाला आणि परत खिडकीबाहेर.

खटकाबाईने पहिल्या आठवड्यात घर डोक्यावर घेतलं. नळांचे वायसर बदलले, बिजागऱ्यांना तेल घातलं, मोरीचं जाळं काढून घासलं, कपाटाच्या दारांची अदलाबदल केली कारण ती उलटी बसवली आहेत असं तिला वाटलं. वहिनी घरात बसून शिवणकाम करायची, जाकिटांना चेन लावणं, तंबू रफू करणं, असलं जाडजूड काम. तिची कात्री बाईने धार लावून ठेवली. वहिनीला कळलं ते बोट कापल्यावर.

बोटाला चिंधी गुंडाळत वहिनी म्हणाली, “वन्सं, तुमच्या पाया पडते, पण जरा बाहेर जाऊन बसा.”

बाहेर बसायला जागा म्हणजे शेड. बसली अर्थातच नाही. वरच्या आडव्या लोखंडी नळीला ओळीने बत्त्या लटकत होत्या. पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या बत्त्या, खाली पोटासारखी गोल टाकी, टाकीला हवा भरायचा पंप, मध्ये काच, वर टोपी. हिरवा रंग पोपडे होऊन सुटलेला, काचांवर धूळ आणि माश्यांची घाण. काही काचांच्या आत कोळ्यांनी संसार थाटला होता. तिचे हात शिवशिवू लागले. तिने कडेची एक बत्ती उतरवली.

खिडकीतून आवाज आला, “ती खाली ठेव.”

दादाने इतक्या दिवसांत स्वतःहून बोललेलं ते पहिलं वाक्य. तिने बत्ती खाली ठेवली, म्हणजे जमिनीवर ठेवली आणि शेजारी मांडी घालून टोपीचा नट काढायला घेतला.

त्या बत्तीने तिला घाम फोडला. टाकीतलं जुनं पेट्रोल आटून तळाला डिंकासारखं बसलं होतं. वास असा की डोळे चुरचुरावेत. ते काढायला तिने आत स्पिरिट आणि मूठभर बारीक खडे घालून टाकी खुळखुळवली, स्पिरिट स्वच्छ बाहेर येईपर्यंत परत परत. पंप ओढला तर हवाच धरेना. तिला वाटलं पंप गेला. खिडकीतून दादा म्हणाला की पंप गेलेला नाही, आतली चामड्याची वाटी वाळलीय, तेलात भिजत टाक. दुसऱ्या दिवशी ती वाटी मऊ लोण्यासारखी झाली आणि पंप दणदणीत हवा मारू लागला. मग मधली पितळी नळी, जिच्यात पेट्रोलची वाफ होते ती. तिच्या टोकाचं भोक केसाएवढं आणि ते काजळीने बुजलेलं. तिने सुई घेतली तर दादा शेडच्या दारापर्यंत चालत आला.

“सुई घालू नकोस. भोक मोठं झालं की बत्ती धूर ओकते. मधे एक तार असते, तीच वरखाली कर.”

ती म्हणाली, मग बस इथे आणि सांग. खिडकीतून ओरडून माझं डोकं खाऊ नकोस. त्याने जरा विचार केला आणि पालथ्या बादलीवर बसला.

तसे ते काही दिवस गेले. तो सांगायचा, ती करायची, आणि मधूनच दोघांची जुंपायची, कारण त्याने सांगितल्यापेक्षा ती दोन पावलं पुढे गेलेली असायची. टाकीचा जुना रंग तिने खरवडून काढला तेव्हा तो दिवसभर रुसला. त्याचं म्हणणं, ते पोपडे कुठल्या सालच्या पावसाने आले तेही त्याला माहीत होतं. तिचं म्हणणं, खालून गंज टाकी खातोय. शेवटी गंज खरंच निघाला आणि रुसवा सुटला. पंप मारून टाकीच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावलं, कुठे बुडबुडा येतो का बघितलं. एकही आला नाही. टाकी तयार झाली, काच झाली. आता फक्त पेटवायची.

तिथे गाडी अडली. दादाने हात पुढे केले. दोन्ही हात हवेत आपले आपण हलत होते, जणू कोणी दोऱ्या ओढतंय.

“पेटवणार कोण?” तो म्हणाला. “मला काडी धरता येत नाही, आणि या घरात काडी मिळतही नाही. तू पेटवलीस तर ती तुझी बत्ती झाली.”

त्या रात्री नेहमीप्रमाणे तिचा अंगठा चादरीवर चालू होता. सकाळी चहाही न पिता ती खोका उघडून बसली.

बत्तीच्या तळाशी, काचेच्या खाली, काडी आत सरकवायला एक भोक असतंच. खटका त्याच भोकात बसेल, नवं काही पाडावं लागणार नाही, हे तिने पाहिलं. बटण बाहेर राहील, वायर आत जाईल, वायरच्या टोकाची दांडी चिनी मातीच्या नळीतून वर मेंटलपर्यंत. मेंटल म्हणजे ती पांढरी जाळीची पिशवी, जिच्यामुळे उजेड पडतो. पहिल्यांदा बांधताना ती कापडाची असते. मग जाळून तिची राख करायची. राख होऊनही ती आकार धरून लटकत राहते, आणि नुसतं बोट लागलं तरी कोसळते. त्यामुळे दांडी तिच्याजवळ हवी, पण चिकटता कामा नये.

टेबलावर खटका फाडफाड ठिणगी द्यायचा. बत्तीत बसवला की मेला. पुन्हा काढायचा, टेबलावर जिवंत. पुन्हा बसवायचा, मेला. वहिनीने जेवायला हाका मारल्या, बाईचा पत्ता नाही. तिला सगळं आयुष्य ठिणगीबरोबर घालवून हे कळत होतं की ठिणगी आळशी असते, मिळेल ती जवळची वाट धरते. म्हणजे कुठेतरी वाटेतच पळ काढत असणार. तिने दुपारी शेडचं दार लावून घेतलं, अंधार केला आणि बटण दाबलं. तळाशी, वायर भोकातून वळते तिथे, निळा डोळा मिचकावला. वायरचं आवरण पत्र्याच्या धारेवर घासून चिरलं होतं आणि ठिणगी तिथेच बाहेर पडत होती. तिने भोकाला रबरी कडं बसवलं. वर, दांडीच्या समोरचा पितळी भाग रंगाखाली झाकला होता, तोही खरवडला, कारण रंगावर ठिणगी उडी घेत नाही. आता बत्तीतही फाडफाड.

घाई तिथे झाली. तिने पेट्रोल भरलं, पंप मारला, पेट्रोल वर सोडणारी झडप उघडली आणि बटण दाबलं. पहिली ठिणगी हुकली. दुसरीही. बाई बटणाशी झुंजत राहिली आणि झडप उघडीच. काचेत वाफ साठत होती. तिसऱ्याला ठिणगी लागली ती भप्प करून. काच तडकली, मेंटलची भुकटी झाली आणि बाईच्या डाव्या भुवईचा करपट वास शेडभर पसरला.

वहिनी धावत आली. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, तो ठीक होता. मग नणंदेकडे पाहिलं. तिला ओरडायची सवय नव्हती, तेव्हाही ओरडली नाही.

“वन्सं, तुमचा खेळ होतो. तुम्ही कंटाळलात की दुसरं काही उचलाल. पण हे पेटलं तर विझवायला घरात मी एकटीच आहे. हे उठून पळू शकत नाहीत. मी रोज त्या शिवणाच्या मशीनवर एक कान इकडे ठेवून बसते, तुम्हाला कोणी सांगितलंय ते?”

कोणी सांगितलं नव्हतं. बाईला स्वतःला दिसायला हवं होतं, हे तिला त्या क्षणी लागलं. ती घराबाहेर पडली. बस वळते तिथपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. ड्रायव्हरने दोनदा विचारलं, चढताय का. संध्याकाळपर्यंत तिने त्या रस्त्याची माती केली. निघून जावं असं एकदा मनात आलं, पण जाणार कुठे? दुसरं असं की ठिणगी का हुकली हे तिला अजून कळलं नव्हतं आणि ते कळल्याशिवाय तिचा पाय निघणार नव्हता.

परत आल्यावर ती सरळ वहिनीपुढे जाऊन उभी राहिली. म्हणाली की तुमचं बरोबर आहे. मी पुन्हा लावणार आहे, पण तुम्ही समोर उभ्या राहिल्याशिवाय नाही. वहिनी शिवण थांबवून बराच वेळ तिच्या अर्ध्या भुवईकडे बघत राहिली. मग तिला हसू आलं. ते लपवायला तिने दोरा दातांनी तोडला.

ठिणगी हुकण्याचं कारण साधं निघालं. दांडीचं टोक मेंटलच्या बाजूला होतं आणि वाफ खालच्या बुडातून आधी येते. तिने दांडी वाकवून टोक बुडाशी आणलं. शिवाय झडप उघडण्याआधीपासून बटण दाबत राहायचं, म्हणजे वाफ येईल तेव्हा ठिणगी दारातच उभी. हे जमलं. मात्र दादाच्या हाताचं काय? बटण घट्ट, ते दाबायला अंगठ्यात जोर हवा आणि अंगठा जागेवर राहायला हवा. तिने स्प्रिंग सैल केली तर ठिणगी पांगळी झाली. लांब दांडा लावला तर दादाचा हात त्यावरून घसरून बत्ती कलंडली. कधी बटण इकडे, कधी तिकडे. तिला झोप येईना, जेवण जाईना. चार खटके तिने पिळवटून फेकून दिले.

दादा हे सगळं बादलीवर बसून पाहत होता. एका दुपारी त्याने विचारलं, तुझं झालं असेल तर मी बघू का? आणि त्याने बत्ती दोन पायांच्या मध्ये घट्ट धरली, डाव्या हाताने झडपेची चकती पकडली आणि उजव्या हाताचा कोपर बटणावर ठेवला. हात थरथरतो, कोपर थरथरत नाही. निदान इतका नाही. खट, खट, खट. वहिनी वाळूची बादली घेऊन दारात उभी होती. झडप फिरली, मेंटल आधी पिवळं झालं, मग फुसफुसत पांढरं पडलं आणि पत्र्याच्या शेडमध्ये भर दुपारी प्रत्येक खिळ्याची सावली उमटली.

मग वहिनी म्हणाली, बंद करा आता, दिवसाढवळ्या कशाला जाळायची. आणि आत गेली. वाळूची बादली मात्र तिने तिथेच ठेवली, आणि ती कायमची तिथली झाली.

इथे सुखाने बसावं की नाही? पण घरात आता एकाच्या जागी दोघांच्या पायाला भिंगरी लागली. दादा खुर्चीत टिकेना. शेडमध्ये यायचा, अंगणात जायचा, डोंगराकडे तोंड करून उभा राहायचा. बसस्टॉपशेजारी तंबू आणि पिशव्या विकणारा एक दुकानदार होता. त्याने गिऱ्हाइकांच्या बत्त्या खटका बसवायला पाठवायला सुरुवात केली. बाईचे दिवस भरून गेले. दादाला तेवढ्याने समाधान नव्हतं. त्याला वर जायचं होतं. त्याने एकदा विषय काढला. वहिनी म्हणाली, आपण तिघं जाऊ, हवा बरी झाली की. तो म्हणाला, तिघं नाही, मी. त्यावर वहिनीने मशीन इतक्या जोरात चालवलं की सुई मोडली.

आणि एका सकाळी खुर्ची रिकामी होती. खुंटीवरची पिशवी नव्हती, छोटा तंबू नव्हता, पहिली बत्ती नव्हती.

वहिनी शेडच्या दारात आली. बाई कोणाच्या तरी टाकीचा गंज काढत होती.

“तुमच्या खटक्याने हे केलं,” वहिनी म्हणाली.

बाईलाही तेच वाटत होतं. तिने टाकी खाली ठेवली आणि हात पुसले.

दोघी पुढच्या बसने निघाल्या. डोंगराची बस घाटात रांगत चढते आणि प्रत्येक वळणावर थांबल्यासारखी वाटते. खटकाबाई उठायची, ड्रायव्हरच्या मागे जाऊन उभी राहायची, परत येऊन बसायची. खिडकीची काच खडखडत होती, तिच्यात कागदाची घडी खुपसून तिने ती बंद केली. वहिनी हातातली पिशवी मांडीवर दाबून समोर बघत होती. अर्ध्या वाटेत ती एकदम म्हणाली की त्या तंबूच्या आगीनंतर हे खाली आले त्या दिवशी मीच यांना म्हणाले होते, तुमच्याच्याने होत नाही तर कशाला जाता. सहज बोलून गेले. यांनी ते मनाला लावून घेतलं. तिने वहिनीच्या पिशवीचा तुटत आलेला बंद हातात घेतला आणि त्याला गाठ मारून दिली. वहिनीने मारू दिली.

बस सोडून पायवाटेने तळ्याकाठी पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. दादा पाण्यापासून थोडं वर, सपाट जागी बसला होता. तंबू शेजारी पसरलेला, एक खांब उभा, बाकीचे गवतात. बत्ती पायांच्या मध्ये होती. काळी. पेटलेली नव्हती.

तो दोघींना बघून दचकला नाही. वहिनी जवळ जाऊन त्याच्या कपाळाला हात लावून आली, जणू तापच बघतेय. मग तिने विचारलं, सकाळपासून काही खाल्लंत? त्याने मान हलवली. तिने डबा उघडून ठेवला आणि तो जेवला.

मग त्याने सांगितलं. बसच्या धक्क्यांनी मेंटल गळून पडलं होतं. टाकी तो रिकामी करूनच घेऊन आला होता. पेट्रोल तळ्यावरच्या राखणदाराने भरून दिलं आणि तो पलीकडच्या काठाला फेरीवर निघून गेला. दोन नवी मेंटलं खिशात होती. पण मेंटलला बारीक दोरी असते, ती बत्तीच्या नळीच्या मानेला बांधायची, गाठ मारायची, सगळीकडून सारख्या चुण्या पाडायच्या. दुपारभर तो तेच करत होता. गाठ बसली नाही. बसली असती तरी नवं मेंटल आधी काडीने जाळावं लागतं, त्याशिवाय खटक्याचा उपयोग नाही, आणि काडी त्याच्याकडे नव्हती.

“मला वाटलं होतं, एक ठिणगी मिळाली की बाकीचं मी बघून घेईन,” तो म्हणाला. “बाकीचंच केवढं असतं.”

बाईचा अंगठा थांबला. इतके दिवस ती बटणाशी झगडत होती आणि गाठीचा विचार तिच्या डोक्यातही आला नव्हता. ती पुढे सरसावली, मेंटल दे म्हणाली. पण घाईत दोरी तिच्याच नखात अडकली. पहिलं मेंटल फाटलं. दादाने दुसरं, शेवटचं, खिशातून काढलं.

“द्या इकडे,” वहिनी म्हणाली.

तिने आयुष्यात कधी बत्तीला हात लावला नव्हता. पण दोरा ओढून कापडाला चुण्या घालणं हे तिचं रोजचं काम. तिने मेंटल नळीच्या मानेवर चढवलं, दोरी दोनदा फिरवली, गाठ ओढली, बोटांच्या टोकांनी चुण्या सारख्या केल्या आणि उरलेला दोरा दातांनी तोडला. मग पिशवीतून तिने काडेपेटी काढली. निघताना तांदळाच्या डब्यामागून घेतली होती. काडी ओढून तिने ती मेंटलच्या बुडाला लावली. कापड काळं पडलं, आक्रसलं, पांढरं झालं. दादा सांगत होता, सावकाश, वरपर्यंत जळू दे, आता थांब. ती ऐकत होती.

पंप बाईने मारला. बटण दादाने दाबलं, कोपराने. तळ्यावर अजून पुरता काळोख नव्हता, त्यामुळे बत्ती पेटल्यावर आधी फारसा फरकच पडला नाही. मग हळूहळू पाणी काळं होत गेलं आणि तिघांभोवती उजेडाचं एक वर्तुळ उरलं. पलीकडच्या काठावरून राखणदाराने आपली विजेरी हलवली. त्याच्याच खोपटात तिघांनी मुक्काम केला, कारण शेवटची बस केव्हाच गेली होती.

झोपण्याआधी वहिनीने त्याला विचारलं की तुम्हाला इथे एकट्यालाच का यायचं होतं. तो म्हणाला, जमतंय का ते बघायला. तिने विचारलं, मग? तो म्हणाला, नाही जमत. हे त्याने अगदी सरळ सांगितलं. वहिनी म्हणाली, बरं, कळलं ना, आता पुढच्या वेळी सांगून निघा म्हणजे मी मेंटलं जास्त घेईन.

त्यानंतर तिघं बऱ्याचदा वर गेली. दादा मोडून पडेल अशी भीती होती, तसं झालं नाही. उलट लोकांना सांगू लागला की मला इतकं जमतं आणि इतकं जमत नाही, आणि लोक त्याच्याबरोबर पुन्हा वर जाऊ लागले, थोडेच, पण गेले. तंबू ते ठोकायचे, जागा तो दाखवायचा. आजार मात्र आपल्या चालीने पुढे सरकत राहिला. पुढच्या थंडीत कोपरही हलू लागला. आता बटण वहिनी दाबते आणि तो नुसता झडपेवर हात ठेवतो. कधी कधी तेही नाही.

खटकाबाईने तंबूवाल्या दुकानामागची खोली घेतली आहे. दादाकडे जेवायला येते, पण राहत नाही. दोघांनी कितीदा म्हटलं. तिचं म्हणणं, मी राहिले की तुमची भांडी वाजतात. लोक आता बॅटरीचे दिवे वापरतात, तरी बत्त्या येतच असतात. कोणाच्या आजोबांची, कोणाच्या बोटीवरची. एकदा एका हाताने काम करणारी एक कोळीण आली. तिच्यासाठी बटण गुडघ्याने दाबता येईल असं बसवायला बाईला पंधरवडा लागला आणि त्या काळात कोणी तिच्याशी बोलू शकत नव्हतं. मेंटलं बांधायला वहिनीकडे जातात. वहिनी शिवणाच्या कामाआधी ती हातावेगळी करते.

पण बाईचा जीव स्वस्थ नाही. गेल्या पावसाळ्यापासून तिच्या मागे एक नवीनच भूत लागलं आहे. दमट हवेत ठिणगी मरते. चिनी मातीच्या नळीवर ओल धरली की ठिणगी तिच्यावरून घरंगळत खाली उतरते आणि टोकापर्यंत पोचतच नाही. तळ्याकाठी तर पहाटे सगळंच ओलं. तिने नळीला मेण लावून बघितलं, ते वितळलं. काचेची नळी चढवली, ती तडकली. दादा म्हणतो, अगं, फडक्याने पुसायचं आणि पेटवायचं, आम्ही काय करत होतो? ती म्हणते, पुसायला हात लागतो, दादा, आणि ज्याचा हातच चालत नाही त्याने काय करायचं? यावर त्यांची फोनवर जुंपते. काल दुपारी जुंपली तेव्हा ती बोलता बोलता फोन तसाच टेबलावर ठेवून उठली, कारण शेगडीवर पाणी उकळत होतं आणि तिला एकदम सुचलं की नळी वाफेवर धरून बघावी, नेमकी कुठून घरंगळते ते दिसेल. दादा तिकडे बराच वेळ हॅलो, हॅलो करत होता. तिला ऐकू येत होतं. तिने दार लावून दिवा मालवला, नळी वाफेत धरली आणि बटण दाबलं.